आढ्याखालची ओल

मी आढं बोलतोय. जुन्नरच्या जुन्या पेठेत इब्राहिम पिंजाऱ्याचं घर आहे, त्या घराचं आढं. छपराच्या दोन उतरणी माथ्यावर एकमेकींना भेटतात, तिथं आडवं टाकलेलं सागाचं लाकूड म्हणजे मी. माझ्या दोन्ही अंगांना वासे टेकलेत आणि वाशांवर पत्रा आहे. हल्लीच्या स्लॅबच्या घरांत माझी जात उरली नाही, म्हणून ओळख आधीच करून दिली.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं तुम्ही माणसं म्हणता. ऐंशी वर्षं हे वासे माझ्या अंगाला टेकून उभे आहेत, एकही फिरलेला मी पाहिला नाही. फिरतात ती माणसं, आणि म्हण मात्र आमच्या नावावर. असो. लाकडानं फार तक्रार करू नये, कुरकुर केली की लोक उंदीर समजतात.

मी वाढलो आंबेगावच्या वरच्या अंगाला, डोंगरात. इब्राहिमच्या आजोबांनी मला उभा असतानाच पसंत केलं होतं. तोडल्यावर दोन पावसाळे सावलीत वाळवलं आणि मग बैलांनी ओढत जुन्नरला आणलं. ज्या दिवशी मला वर चढवलं, त्या दिवशी खाली फातिहा पढली गेली आणि आळीत गूळ-खोबरं वाटलं. तेव्हापासून मी खाली बघतोय. दुसरं कामच काय मला? भार पेलायचा आणि बघायचं.

आमचं घर तसं लहान. खाली रस्त्याच्या बाजूला गाद्यांचं दुकान, मागं स्वयंपाकघर, तिथून उघडा लाकडी जिना वर माडीवर येतो. माडीची खोली थेट माझ्यापर्यंत मोकळी. मध्ये छत नाही, काही नाही. खाली कापूस पिंजला जायचा तेव्हा त्याची म्हातारी उडत उडत वर येऊन माझ्यावर बसायची. इब्राहिमचे हात मला वरून ओळखू येत. चिमटीत कापूस धरून तो नुसता चुरायचा आणि सांगायचा, हा किती वर्षं टिकेल. फोमच्या गाद्या आल्या तसं गिऱ्हाईक पातळ झालं, पण जे येई त्याला तो एक गोष्ट न चुकता सांगायचा: पावसाळ्यात गादी भुईला चिकटवून टाकू नका, खाली फळी घाला, हवा खेळू द्या. बोलायला तसा तो कंजूष, पण एवढं वाक्य कधी चुकलं नाही.

घरातली त्यांची बोली दखनी. मी डोंगरातला साग, मला जमते तीच भाषा, म्हणून त्यांचं बोलणंही मी माझ्याच मराठीत सांगतोय.

तुम्ही माणसं वर फारशी बघत नाही. पाल चुकचुकली तर बघता, नाहीतर गळायला लागलं तर. या घरात मात्र एकजण रोज माझ्याकडे बघायची. इब्राहिम आणि ताजबीची एकुलती लेक, कशिश. शाळेतल्या कविता पाठ करताना ती उताणी पडून माझ्यावरच्या गाठी मोजायची. अकरा गाठी आहेत. तिच्या मोजण्यात कधी बारा यायच्या, कधी दहा. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, मंचरला मोईजच्या घरी. ती गेल्यावर मला कुणी मोजलं नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्यावर आधी कौलं होती. माकडांनी त्यांची पार वाट लावली, म्हणून चौदा वर्षांपूर्वी पत्रा आला. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापायचा, थंडीत गार पडायचा. तरी मी कोरडा राहिलो, कारण भिंतीच्या माथ्यावर, वळचणीला, हातभर फट होती. वारा तिथून आत यायचा, माझ्या अंगावरून जायचा आणि माथ्यावरच्या पत्र्याच्या टोपणाखालून बाहेर पडायचा. शिवनेरीकडून संध्याकाळचा जो वारा सुटतो ना, तो. त्याची मला किती सवय होती, हे तो बंद झाल्यावर कळलं.

गेल्या उन्हाळ्यात कशिश आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी आली आणि दोन दिवसांत परत गेली. माडीवर तिला भाजून निघाल्यासारखं झालं. पावसाळ्यात बातमी आली की तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत त्यांच्यातही आहे. सातव्या महिन्यात सतवासा, म्हणजे त्यांचं डोहाळजेवण, करायचं आणि मग लेकीला आईकडे आणायचं. ताजबीनं त्या दिवशी माडी दोनदा झाडली. आणायला अजून चार महिने होते. संध्याकाळी ती इब्राहिमला म्हणाली, की लेक या खोलीत यायची असेल तर या पत्र्याचं काहीतरी करा.

इब्राहिमनं केलं, आणि मन लावून केलं. दुकानात पडून असलेला चांगल्यातला कापूस त्यानं पिंजून घेतला. दोन दोन वाशांच्या मधल्या गाळ्याच्या मापानं गाद्या शिवल्या, बावीस गाद्या. आयुष्यभर लोकांच्या अंगाखाली घातल्या, आता नातवंडाच्या डोक्यावर घालतो, असं तो ताजबीला म्हणाला, आणि असं बोलल्याची त्याची त्यालाच लाज वाटली. त्या गाद्या त्यानं पत्र्याला भिडवून गच्च बसवल्या. वारं येऊ नये म्हणून वळचणीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, माथ्याचं टोपण सिमेंटनं लिंपलं. खालून पीव्हीसीच्या पट्ट्या ठोकल्या, त्या लाकडी रंगाच्या होत्या. म्हणजे खऱ्या लाकडाच्या खाली खोटं लाकूड. शेवटची पट्टी माझ्या खाली बसली तेव्हा मला दिसलेली शेवटची गोष्ट म्हणजे ताजबीचा वर वळलेला चेहरा. ती खूश होती.

मग काळोख झाला.

पहिले काही दिवस मी त्यांच्यासाठी आनंदात होतो. खोली खरोखर उबदार झाली होती. पण मला त्यांची आठवण येत होती. माणूस परगावी गेला की आठवण येते, हे मी ऐकून होतो. माणूस हातभर खाली असूनही येते, हे मला माहीत नव्हतं. कान लावून बसायचो. भांड्याचा आवाज आला की ताजबी आणि खोकला आला की इब्राहिम, सुरुवातीला एवढंच ओळखता यायचं. पुढं कान सरावला, आणि जे दिसलं नाही ते मी त्यांच्या बोलण्यातून जुळवून सांगतोय.

थंडी पडली आणि माझ्या अंगाला ओल जाणवायला लागली. खालून चुलीची, भाताची, आंघोळीच्या पाण्याची वाफ जिन्यानं वर यायची. पट्ट्यांच्या सांध्यांतून कापसात शिरायची, कापसातून गार पत्र्याला भिडायची आणि तिथं तिचं पाणी व्हायचं. पूर्वीही वाफ यायचीच, पण वारा तिला बाहेर घेऊन जायचा. आता ती जाणार कुठं? कापूस पाणी पीत राहिला आणि ओझं माझ्यावर वाढत राहिलं. मी कुरकुरलो. इब्राहिमनं उंदरांचा पिंजरा आणला.

मग सकाळी सकाळी, पत्र्यावर ऊन आलं की, पट्ट्यांच्या फटींतून थेंब पडायला लागले. इब्राहिमला वाटलं पत्रा गळतोय. तो वर चढला आणि प्रत्येक खिळ्यावर डांबर लावलं. थेंब थांबले नाहीत. मग वरून ताडपत्री घातली. डिसेंबरात आभाळ निळंभोर, पावसाचा पत्ता नाही, आणि हा माणूस पत्र्यावर ताडपत्री बांधतोय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी ओरडून सांगणार होतो, पण लाकडाला ओरडता येत नाही.

सतवासा झाला. कशिशला सोडायला तिची सासू स्वतः आली. बाई वाईट नव्हती, पण डोळा तिखट होता. माडीवर येऊन तिनं उशी उचलली, नाकाशी नेली आणि परत ठेवली. भिंतीच्या कोपऱ्यातली काळी बुरशी बोटानं पुसून पाहिली. तेवढ्यात एक थेंब गादीवर पडला. त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"ताजबी, वाईट वाटून घेऊ नका," सासू म्हणाली. "पर ओल्या खोलीत बाळंतीण मी ठेवायची न्हाई. लेकराच्या छातीत कफ बसंल. खोली कोरडी झाली तर कळवा, मी स्वतः आणून सोडते. न्हाईतर बाळंतपण आमच्याकडंच व्हईल."

चहा पिऊन ती कशिशला परत घेऊन गेली. कशिश जिना उतरताना हळू उतरत होती, तिची पावलं जड झाली होती. मग मला ताजबीचं रडणं ऐकू आलं. अंथरलेली गादी ती गुंडाळत होती आणि रडत होती. त्या क्षणी मला माझ्या असण्याचा राग आला. वर मी आहे म्हणून हे छप्पर आहे, आणि या छपराखाली तिच्या लेकीला जागा नाही.

चार दिवसांनी गेणभाऊ सुतार आला. तो शिनोलीचा. तळेघरच्या बाजूला जिथं धुकं महिनोन् महिने घरात मुक्कामाला असतं, तिथली छपरं बांधण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्यानं पत्र्यावर चढायच्या आधी चहा मागितला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की थेंब पडतात कधी. सकाळी, ऊन आल्यावर, ताजबीनं सांगितलं. धुणं कुठं वाळत घालता? थंडीत माडीवरच. स्वयंपाकघरात पंखा आहे का? नाही. गेणभाऊनं चुलीवरच्या भाताच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि आतली बाजू त्यांच्यापुढं धरली. झाकणावरून पाणी निथळत होतं.

"ह्ये पानी काय आभाळातून पडलं व्हय?" तो म्हणाला. "तुमचं छप्पर गळत न्हाई, दादा. तुमचं छप्पर घामेजतंय."

इब्राहिमला ते पटेना. एवढा कापूस घातलाय, वारं यायला तीळभर जागा ठेवली नाही, मग ओल येईलच कशी? तेव्हा ताजबी बोलली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण असा आवाज मी तिचा ऐकला नव्हता.

"गिऱ्हाइकाला जन्मभर सांगितलंत, गादी भुईला चिकटवू नका, हवा खेळू द्या. अन् छपराला घातलेली गादी पत्र्याला चिकटवलीत तुमी. तुमीच."

मला वाटतं इब्राहिमला सगळं तेव्हाच कळलं. काखेत कळसा होता आणि तो गावाला वळसा घालत होता. त्यानं स्वतः पहिली पट्टी उचकटली.

उजेड आला. काय सांगू तुम्हाला? दोन महिन्यांनी मी त्यांना पाहिलं. ताजबी वाळली होती, इब्राहिमची दाढी बरीच पांढरी झाली होती. गाद्या एकेक करून खाली आल्या, पिळल्या तर पाणी निघेल अशा. वरच्या बाजूनं काळ्या पडल्या होत्या. इब्राहिमनं त्या उन्हात टाकायचं म्हटलं. गेणभाऊनं मान हलवली. बुरशी आत गेली होती, त्या आता कुणाच्याच डोक्यावर घालण्यासारख्या नव्हत्या. इब्राहिमनं एक गादी उसवली, चिमटीत कापूस धरून चुरला आणि टाकून दिला. बावीसच्या बावीस गेल्या.

गेणभाऊनं माझ्या भिंतीतल्या टोकाला पटाशी लावली. दोन बोटं सहज आत गेली. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. त्यानं कुजकं सगळं तासून काढलं, तेल पाजलं, बाजूनं सागाची जाड फळी बोल्ट मारून जोडली आणि म्हणाला की आतला गाभा अजून टणक आहे, हे लाकूड तुम्हाला पुरून उरेल.

पुढचे आठ दिवस माझे सगळ्यांत सुखाचे गेले. खाली काम चालू होतं आणि मी बघत होतो. वळचणीच्या चिंध्या निघाल्या आणि उंदीर-चिमण्या येऊ नयेत म्हणून तिथं जाळी बसली. माथ्यावरचं टोपण दोन बोटं उचललं, पाऊस आत येणार नाही पण वारा बाहेर जाईल असं. पत्र्याच्या खाली चार बोटं जागा मोकळी सोडली, अख्ख्या लांबीभर. तिच्या खाली तारेवर रॉकवूलचे थर आले. रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर. इब्राहिमनं ती चिमटीत धरून पाहिली.

"हिला जीव न्हाई," तो म्हणाला.

"म्हणून तर पानी पीत न्हाई," गेणभाऊ म्हणाला.

इब्राहिम हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. आपल्या हातचं काही नातवंडाच्या डोक्यावर असावं, ही त्याची एवढीच हौस होती.

शेवटी प्लास्टिकचा जाड कागद आला. खोलीची वाफ वर जाऊ नये म्हणून तो लोकरीच्या खालून, खोलीच्या बाजूनं, एकसंध लावायचा होता. सांधे एकावर एक चढवून चिकटपट्टीनं बंद करायचे, दिव्याच्या वायरीभोवतीचं भोकसुद्धा सोडायचं नाही. आणि इथं इब्राहिम अडला. तो स्टुलावर उभा होता, त्याचा तळवा माझ्यावर होता. गेणभाऊला म्हणाला की हे आढं उघडं ठेवता येईल का? आजोबांनी बसवलंय, दिसत राहिलं तर बरं वाटेल.

मी श्वास रोखला, लाकडाला रोखता येईल तेवढा.

गेणभाऊनं विचार केला. "ठेवू की. दोन्ही अंगांनी कागद लाकडाला चिकटवू, दिसायला झकास दिसंल. पर लाकूड हाय, फुगतं, आकसतं. वरसा-दोन वरसांत सांधा सुटायचा अन् वाफ तिथनं वर जायची. तुमी सांगाल तसं."

माझ्यावरचा हात तसाच होता. त्या तळव्याला घट्टे पडलेत, मला ते जाणवत होते. खाली ताजबी स्टूल धरून उभी होती.

"झाका," इब्राहिम म्हणाला.

मला वाईट वाटलं. पण मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

आठ दिवस गेले, मग पंधरा. जानेवारीतली थंडी कडक पडली. स्वयंपाकघरात वाफ बाहेर फेकणारा पंखा लागला होता, धुणं मागच्या अंगणात गेलं होतं. रोज सकाळी ऊन आलं की खाली दोघांचं बोलणं थांबायचं. ते वर बघत असणार. थेंब पडायचा नाही. वाऱ्याची झुळूक वळचणीतून आत येऊन माझ्या पाठीवरून जायची. मी कोरडा होतो. मग ताजबीनं मंचरला फोन केला.

सासू आली, शब्दाला जागली. तिनं उशी हुंगली. भिंतीवरून हात फिरवला. एवढ्यावर तिचं भागलं नाही, स्टूल मागून त्यावर चढली आणि छताला तळवा लावला. मग खाली उतरून कशिशची पिशवी स्वतः कपाटात ठेवली.

फेब्रुवारीत कशिश बाळंत झाली. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं, आणि तेव्हापासून माडीवर एक नवा आवाज आहे. मुलगी आहे. बारीक, चिरका आवाज, पण दमदार. भूक लागली की वेगळी रडते, झोप आली की वेगळी. आता मला ते ओळखता येतं. तिच्या छातीत कफ नाही, तिचा श्वास स्वच्छ आहे. रोज सकाळी मी तो ऐकतो.

तुमच्यापैकी कुणी जुन्या घराचं छप्पर असं आतून झाकणार असाल, तर झाका जरूर. फक्त घरातली वाफ खालीच थोपवा, आणि माझ्यासारख्याच्या पाठीवरून वारा जाईल एवढी चार बोटं जागा सोडा. आमचं दुसरं काही मागणं नसतं.

माझं मात्र आहे. एकच.

परवा दुपारी खाली चर्चा चालली होती, की पोर कुणावर गेलीय. ताजबी म्हणाली नाक मोईजचं आहे. कशिश म्हणाली, डोळे अम्मीचे. मग ताजबी इब्राहिमला म्हणाली, की बाकी सगळी तुमच्यावर गेलीय. इब्राहिम म्हणाला, "मी एवढासा असताना कसा दिसत व्हतो, ते सांगायला आता कोन राहिलंय?"

त्याची अम्मी गेली, फुप्पी म्हणजे आत्या गेली, आळीतली जुनी माणसं गेली. पण मी आहे. इब्राहिम याच खोलीत जन्मला, भर पावसाळ्यात, बरोबर माझ्या खाली. त्याचा उजवा कान वरच्या बाजूला पाकळीसारखा दुमडलेला होता. त्याची अम्मी दूध पाजताना तो कान दोन बोटांनी सरळ करत बसायची. चाळीस दिवसांत तो सरळ झाला आणि सगळे विसरले.

पोरीला आज तेहतीस दिवस झालेत. तुम्ही जुन्नरला आलात तर जुन्या पेठेत गाद्यांचं दुकान विचारा. ताजबी चहा दिल्याशिवाय सोडणार नाही. जिना चढून वर या, पोर झोपलेली असेल तर आवाज करू नका. तिचं टोपडं हळूच बाजूला करा आणि तिचा उजवा कान बघा. मग वर तोंड करून मला सांगा. मला ऐकू येतं.